चिमूटभर जवळा

मी विज्ञान शिकवते. कामोठ्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर नववी-दहावीचे क्लासेस घेते आणि पहिल्याच दिवशी मुलांना बजावते की आधी डोळ्यांनी बघा, मग वहीत लिहा आणि त्यानंतर तोंड उघडा. हा नियम मी स्वतः किती पाळते, ते पुढे येईलच. माझं तोंड माझ्या डोळ्यांच्या आधी धावतं, असं नवरा म्हणतो. तो बंदरात नोकरीला आहे, दिवसभर क्रेनचा आवाज ऐकतो, तेव्हा त्याला आवाजातलं कळत असावं.

गोष्ट आमच्या मांजरीची आहे. आमच्या म्हणजे सासूबाईंच्या. पांढऱ्या अंगावर काळे आणि भगवे ठिपके, उजवा कान काळा, शेपटी भगवी. सासरे गेले त्या वर्षी ती आली. तोवर विचुंब्याच्या या नव्या इमारतीत येऊन आम्हाला चार-पाच महिने झाले होते. गावातलं घर विमानतळाच्या जागेत गेलं, त्याआधी शेत गेलं होतं आणि त्याच्याही आधी मिठागर. सासूबाईंना जिने चढवत नाहीत म्हणून आम्ही तळमजला घेतला. त्या दिवसभर गॅलरीच्या ग्रिलपाशी बसून असायच्या. विचारलं तर "हाय", "नाय", एवढंच बोलायच्या. एका दुपारी ग्रिलमधून हे पिल्लू आत शिरलं, सरळ त्यांच्या मांडीवर चढलं आणि तिथेच झोपलं. त्या संध्याकाळी सासूबाई पिल्लाशी अर्धा तास बोलत होत्या. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत ऐकत होते आणि लाटणं थांबवायचं मला भान राहिलं नव्हतं.

तेव्हापासून माणसांच्या वाट्याचं सगळं बोलणं मांजरीला. कोन गावातल्या माहेरचं, मिठागरातल्या उन्हाचं, सासऱ्यांच्या खोड्यांचं. आम्हाला जे कधीच सांगितलं नाही, ते सगळं तिला माहीत आहे.

गेल्या वर्षी या मांजरीला खाज सुटली. सुरुवातीला मानेपाशी, मग कानामागे. मागच्या पायानं ती मान खाजवायची तेव्हा पायाची टाच फरशीवर आपटायची, थप थप थप. तो आवाज घरात कुठेही बसलं तरी ऐकू यायचा. केस गेले, कातडी लाल झाली, मग ओली झाली. सासूबाईंनी खोबरेल लावलं, हळद लावली, कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं पुसलं. शेवटी जखम डाव्या डोळ्याच्या कडेपर्यंत आली. तेव्हा मी मांजरीला टोपलीत घालून रिक्षानं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सासूबाई सोबत आल्याच. टोपलीच्या झाकणावर हात ठेवून त्या रिक्षाभर पुटपुटत होत्या.

डॉक्टरीणबाई तरुण, शांत. त्यांनी कातडी हलकेच खरवडून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. किडे नव्हते, बुरशी नव्हती. पिसवांचं औषध मानेवर टाकलं. महिन्याभरात फरक पडला नाही, तेव्हा त्या म्हणाल्या की आता मला खाण्याचा संशय आहे. काही मांजरांना वर्षानुवर्षं खाल्लेलंच एखादं अन्न एक दिवस सोसेनासं होतं.

"ही काय काय खाते?" त्यांनी विचारलं.

मी यादी सांगितली. मासे, कोंबडी, अंडं, दूध, भात. त्यांनी ती लिहून घेतली.

"आणि काय कधीच खाल्लं नाहीये?"

आम्ही दोघी विचारात पडलो. मटण, मी म्हटलं. मटण आमच्याकडे सणावाराला होतं आणि ते इतकं तिखट असतं की मांजर स्वयंपाकघराच्या दारातूनच शिंकून परत जाते.

"मग आठ आठवडे फक्त उकडलेलं मटण. मीठ नाही, हळद नाही. वरून मी देते ती जीवनसत्त्वांची पूड. दुसरं काही म्हणजे काहीही नाही. एक घास चुकला तरी आठ आठवडे परत पहिल्यापासून."

"आणि हे नाही जमलं तर?"

"मग इंजेक्शनं. खाज थांबेल, पण ती पुन्हा पुन्हा द्यावी लागतील आणि त्यांचे त्रास वेगळे. घाई आहे ती डोळ्याची. नख एकदा आत लागलं तर डोळा वाचवता येणार नाही."

सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंना फक्त एकच विचारलं. "डोला जाईल काय?"

"म्हणून तर आता काळजी घ्यायची, आजी."

घरी येऊन मी वही आखली. तारीख, खाणं, किती वेळा खाजवलं, जखमेची लांबी. इतकी सुंदर वही माझ्या एकाही विद्यार्थ्यानं आजवर केलेली नाही. घरात जाहीर केलं की मांजरीला कुणीही काहीही द्यायचं नाही, नवऱ्याला दोनदा बजावलं. मासे शिजत असतील तेव्हा मांजर बेडरूममध्ये बंद.

आमच्याकडे उरणहून एक कोळीण येते, पंधरा वर्षं तरी झाली असतील. गावातल्या घरी यायची, आता इमारतीत येते. ग्रिलसमोर पाटी उतरवून, सासूबाईंशी भांडून, मासे साफ करून देते आणि जाताना शेवटच्या मासळीचं डोकं मांजरीसाठी पायरीवर ठेवते. मांजरीचा वाटा दिल्याशिवाय पाटी उचलायची नाही, हा तिचा नेम. तिलाही सांगितलं. तिनं मान हलवली आणि मांजरीकडे बघून म्हणाली, "कोली गावात जन्माला आली अस्तीस तर जीव दिला अस्तास बाय तू."

पहिले दोन दिवस मांजरीनं मटणाला तोंड लावलं नाही. बशीपाशी यायची, हुंगायची, मग सासूबाईंच्या तोंडाकडे बघत बसायची. तिसऱ्या दिवशी मी क्लासवरून आले तर बशी चाटूनपुसून स्वच्छ. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे एक व्याख्यानच दिलं. भूक ही गोष्ट अशी असते, भुकेला कोंडा गोड लागतो, लाड बंद झाले की सगळे सुतासारखे सरळ येतात. सासूबाई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. त्या हसत होत्या, हे मला फार नंतर कळलं.

दोन आठवडे गेले, तीन गेले. मांजर रोज मटण खात होती आणि रोज खाजवत होती. वहीतले आकडे थोडे कमी व्हायचे, पुन्हा चढायचे. जखम डोळ्याच्या कडेला तशीच ओली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुठूनतरी काहीतरी पोटात जातंय, शोधा.

मग मी शोधायला लागले आणि माझ्यातला हवालदार जागा झाला. वॉचमनला झापलं, कारण तो दुपारी डबा खातो तेव्हा मांजर त्याच्या दिशेनं बघते. वरच्या मजल्यावरच्या बाईंना विचारलं की तुमच्या खिडकीतून काही पडतं का, त्या दिवसापासून त्या गेटवर समोर आल्या तरी माझ्याशी बोलत नाहीत. सासूबाईंना रोज संध्याकाळी एकच प्रश्न, "आई, मांजरीला मासे दिले नाहीत ना?" आणि रोज एकच उत्तर, "नाय गं बाय. म्हावऱ्याला हात पन नाय लावून दिला तिला." त्या खोटं बोलत नाहीत. पंचवीस वर्षांत एकदाही बोललेल्या नाहीत, अगदी सोयीचं असतं तेव्हाही नाही.

म्हणजे राहिली कोळीण. एका शुक्रवारी ती पाटी उचलत असताना मी बाहेर आले. पायरीवर पाण्याचा ओघळ होता, त्यात दोन खवले. माझं डोकं सटकलं.

"तुम्हाला सांगितलं होतं ना? तिचा डोळा जाणार आहे तुमच्या त्या वाट्यापायी!"

ती उभी राहिली. "बाय, तू सांगितलास तवापासून मी तिला कायबी दिला नाय."

"मग हे खवले काय आपोआप आले?"

"मी मासे इथंच साफ करतंय ना. खवले काय घरी नेव?"

बरोबर बोलत होती. पण मी तोंड उघडून बसले होते आणि एकदा उघडलं की मला ते मिटता येत नाही. उद्यापासून आमच्या दारात यायचं नाही, असं मी सांगून टाकलं. कोळणीनं एकदा ग्रिलआड बसलेल्या सासूबाईंकडे बघितलं, पाटी डोक्यावर घेतली आणि गेली. सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. पोट बरं नाही म्हणाल्या.

पाचवा आठवडा संपत आला होता. दहावीच्या मुलांची शाळेत सराव परीक्षा होती म्हणून माझा क्लास नव्हता आणि मी दुपारी बाराला घरी होते. सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या. मांजर अर्धं खाऊन खिडकीत जाऊन बसली होती. बशी उचलायला वाकले, तर मटणाच्या एका धाग्यावर काळा ठिपका दिसला. मोहरीच्या दाण्याहून कितीतरी बारीक. मुंगीचं डोकं असावं असं वाटलं. मग आणखी एक दिसला. मग पाच-सहा.

क्लासच्या पिशवीतून भिंग काढलं आणि बशी खिडकीच्या उजेडात नेली.

ते डोळे होते.

जवळा ज्यांनी बघितला नसेल त्यांना सांगते. ही खाडीतली इवलीशी कोळंबी, नखाच्या कापलेल्या कडेएवढी. उन्हात वाळवली की गुलाबी-पांढरी काडी होते आणि तिच्या टोकाशी दोन काळे डोळे राहतात. तव्यावर भाजून कितीही चुरडा, बाकी सगळं पीठ होतं, पण डोळ्यांचे ते ठिपके मागे उरतात. आमच्या स्वयंपाकघरात जवळ्याची बरणी हळद-मसाल्याच्या फळीवर असते. सासूबाईंच्या प्रत्येक जेवणात तो असतो, वांग्यात, वरणात, नुसत्या भातावर. मासे मिळाले नाहीत त्या दिवशी इथल्या बायका म्हणतात, आज काय नाय, सुकट हाय. मीही म्हणते. मी घाटावरची, साताऱ्याकडची, नवी नवरी होते तेव्हा या वासानं पदर नाकाला लावायचे. आणि डॉक्टरीणबाईंना मांजरीच्या खाण्याची यादी सांगताना जवळा सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मीठ सांगतं का कुणी? पंचवीस वर्षांत मी इतकी इथली झाले होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

मी भिंगातून त्या ठिपक्यांकडे बघत राहिले. मुलांना शिकवते मी हे सगळं, शरीराची प्रतिकारशक्ती, परकं काय नि आपलं काय हे पेशी कसं ओळखतात. पाठ आहे मला. पण त्या दिवशी अंगावर काटा आला. कुठल्यातरी खाडीत पोहणारा एक जीव, तो जाळ्यात येतो, उन्हात वाळतो, बरणीत महिनोनमहिने पडून राहतो, तव्यावर भाजला जातो, बोटांत चुरडला जातो. त्याचं काहीही शिल्लक राहिलेलं नसतं. आणि तरी मांजरीची कातडी त्याला ओळखते. मला भिंगाशिवाय न दिसलेली गोष्ट तिच्या रक्ताला रोजच्या रोज दिसत होती.

सासूबाई केस पुसत बाहेर आल्या.

"आई, हे काय आहे?"

त्यांनी डोळे बारीक करून बशीकडे बघितलं. "जवला."

"मी तुम्हाला रोज विचारत होते ना?"

"तू इचारलंस म्हावरं दिलं काय. म्हावरं कुटं दिलं मी?"

"जवळा म्हणजे मासे नाहीत? सोमवारी खाता का तुम्ही जवळा? उपासाला चालतो?"

"उपासाला भात पन चालत नाय. भात म्हावरं हाय काय?"

यावर विज्ञानाकडे उत्तर नाही. त्या कमरेला खोचलेली डबी काढून माझ्यासमोर धरत म्हणाल्या, "दोन दिस उपाशी बसलेली ती. माज्या तोंडाकडं बघत. लहान व्हती तवापासून चिमटीनं घालतंय तिला वरून, त्याबिगर खात नाय. ती डॉक्टरीणबाय पूड घालते ना वरून? मी पन पूडच घातली, भाजून. मिरची नाय, मीठ नाय."

पूर्वी पानाची होती ती डबी. पान सोडलं तेव्हा ती रिकामी झाली असं मला वाटत होतं. म्हणजे तिसऱ्या दिवशीची ती चाटूनपुसून साफ केलेली बशी, ज्यावर मी व्याख्यान झोडलं, ती या डबीची करामत होती.

अपराध्याला सापडल्यावर काय काय सुनवायचं, हे मी दोन आठवडे मनात घोळवून ठेवलं होतं. ते सगळं कोळणीवर, वॉचमनवर आणि वरच्या बाईंवर खर्च झालं होतं, पण एक वाक्य उरलं होतं आणि तेच तोंडातून गेलं.

"तुमच्याच हातानं तिचा डोळा जायचा होता, आई."

त्यांनी डबी खाली ठेवली. उजव्या हाताची तीन बोटं जुळवली, डोळ्यांजवळ नेली आणि बघितली. मग नाकाशी नेऊन हुंगली. मी आजवर जे काही बोलले आहे त्यातलं परत घेता आलं असतं तर ते वाक्य पहिलं घेतलं असतं.

थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली आणि फळीवरची बरणी काढायला सांगितली. मग माळ्यावरचा बोंबलांचा डबा. मग सोड्यांची पिशवी, करंदीची पिशवी, जे जे सुकं घरात होतं ते सगळं. सगळं गॅलरीत रांगेनं मांडायला लावलं आणि म्हणाल्या की हे घरात नको, वाटून टाक.

"तुम्ही खा ना आई. फक्त तिला देऊ नका."

"बोटांना वास ऱ्हातो. ती बोटं चाटते माजी."

"मग साबणानं हात धुवा."

"जवल्याचा वास साबनानं जातोय काय? तू पंचवीस वर्सं हितं हायस ना?"

ऐंशी वर्षं ओलांडलेली बाई. दात चार. जिभेला आता कशाचीच चव लागत नाही म्हणून एका जवळ्यावर दोन घास जात होते. त्यांनी त्या दिवशी ताज्या माशांनाही नाही म्हटलं आणि वरणभात कालवून घेतला. वहीत मी पुन्हा पहिला आठवडा लिहिला, आणि सासूबाई मांजरीच्या बरोबरीनं पथ्याला बसल्या. मी त्यांच्या ताटाकडे बघत होते. इतक्या मुकाट्यानं इतकं मोठं काही कुणी सोडताना मी पाहिलं नव्हतं.

मांजरीनं मात्र अन्नाला तोंड लावलं नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. मटण गरम करून दिलं, बारीक करून दिलं, माझ्या हातावर धरलं. ती बशीसमोर बसून सासूबाईंच्या तोंडाकडे बघायची आणि सासूबाई भिंतीकडे तोंड फिरवायच्या. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मांजर जास्त दिवस उपाशी राहू शकत नाही, काळजाला, म्हणजे यकृताला, सूज येते. उद्या दुपारपर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या, हा प्रयोग थांबवू आणि इंजेक्शन सुरू करू.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी टोपली काढून दाराशी ठेवली. बशीत मटण होतं. मांजर समोर बसलेली, खांदे वर आलेले, मान खाली. सासूबाई भिंत धरत आल्या आणि तिच्यासमोर फरशीवर बसल्या. गेले तीन दिवस त्या तिच्याशी बोलल्या नव्हत्या. आताही बोलल्या नाहीत. त्यांनी उजवा हात पुढे केला, तीन बोटं जुळवली आणि बशीवर धरून चोळली. अंगठा तर्जनीवरून फिरला, मधल्या बोटावरून फिरला, जसा रोज फिरायचा तसाच. बोटांत काहीही नव्हतं.

मांजरीचे कान पुढे आले. तिनं बोटांकडे बघितलं. सासूबाईंनी पुन्हा बोटं चोळली, मग दोनदा झटकली, चिमटीतलं शेवटचं पडावं म्हणून झटकतात तशी.

मांजरीनं मान खाली घातली आणि खायला लागली.

मी दारात टोपली हातात धरून उभी होते. तिच्या चावण्याचा बारीक आवाज येत होता. सासूबाईंचा हात अजून बशीवर तसाच होता. सवय कशी लागते हे मी मुलांना फळ्यावर बाण काढून शिकवते. पण तिथे बाण कुठे काढला असता? तिला जवळा हवाच होता, ते खरं. पण तो नसताना तिनं काय खाल्लं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मी खाली बसले आणि रडले. सासूबाई म्हणाल्या, "तू का रडतेस? तिला खाव दे."

नंतरचे आठ आठवडे रोज दोन वेळा ती रिकामी चिमूट पडत होती. वहीत मी तिच्यासाठी एक वेगळा रकाना केला आणि त्यात रोज बरोबरची खूण केली. दुसऱ्या आठवड्यात जखम सुकली. तिसऱ्या आठवड्यात एकदा लक्षात आलं की सकाळपासून थप थप ऐकलेलंच नाही. चौथ्या आठवड्यात उघड्या कातडीवर बारीक लव आली. पुढे जे झालं ते मी रोज क्लासला जायच्या आधी भिंगातून बघायचे. जिथे काळा ठिपका होता तिथे काळे केस आले, भगव्याच्या जागी भगवे. कानामागची ती नखाएवढी भगवी कड, जी मी विसरूनही गेले होते, ती नेमकी तिथेच उगवली. चार महिने तिथे नुसतं लाल मांस होतं. कुठे लिहून ठेवलं होतं तिनं हे सगळं? मी वर्गात याचं उत्तर देते, पण ते देताना हल्ली माझा आवाज जरा खाली येतो.

कोळणीकडे मी स्वतः गेले. ती आता नवीन पनवेलच्या बाजारात बसत होती. पाटीसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं की चूक माझी होती, वाटेल ते बोलले, आणि सगळी गोष्ट सांगितली. तिनं कोयता थांबवून ऐकलं. मग इतकी हसली की शेजारच्या बायका बघायला लागल्या.

"म्हातारी जवला घालत व्हती आनी मार खाल्ला मी!"

बुधवारी ती पाटी घेऊन दारात हजर होती.

आठ आठवडे झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता एकेक गोष्ट सुरू करा, दोन-दोन आठवड्यांनी. आधी मासे दिले. कोळणीनं बांगड्याचं डोकं पायरीवर असं ठेवलं की जणू देवापुढे नैवेद्य. दोन आठवडे मी कान लावून बसले होते, थप थप आली नाही. मग कोंबडी, मग अंडं. काही झालं नाही. इतका गाजावाजा होऊन मासे निर्दोष सुटले. सासूबाईंनीही मासे खायला सुरुवात केली, सुकं मात्र घरात पुन्हा भरलं नाही, आजही भरत नाही.

राहिला जवळा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक चिमूट देऊन बघा, खाज आली तर खात्री पटेल. शास्त्र तसंच सांगतं. मीही तसंच शिकवते. मी शेजारणीकडून वाटीत थोडा जवळा आणला, भाजला, कुटला. सासूबाई म्हणाल्या, "मी नाय देनार. तुला वहीत लिवायचं हाय, तर तू दे."

मांजर बशीसमोर बसली होती, मान वर करून. मानेवर दाट केस होते, डाव्या डोळ्याभोवती काळी कड स्वच्छ. मी चिमूट घेतली, बशीवर धरली. बराच वेळ धरून ठेवली. मग उठले, चिमूट आणि वाटी दोन्ही बेसिनमध्ये धुऊन टाकली, हात तीनदा साबणानं घासले. वहीतला तो शेवटचा रकाना रिकामा आहे. माझ्या विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर मी गुण कापले असते.

परत आले, तर मांजर अजून थांबलेलीच. गुरुवारी कोळीण येत नाही, म्हणून बशीत तेच साधं मटण. मी बोटं जुळवली आणि सासूबाईंसारखी चोळली, झटकली. मांजरीनं माझ्या बोटांकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि तोंड फिरवलं.

सासूबाई खुदकन हसल्या. "तुजी नाय चालत."

"माझ्या बोटांत काय कमी आहे?"

"कमी कायबी नाय. सवय नाय तिला." आणि जमिनीवर हात टेकत त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. "हात कर पुढं."

मी हात पुढे केला. त्यांनी माझी तीन बोटं त्यांच्या बोटांत धरली आणि बशीवर नेली.

"आता रोज दोगींच्या हातानं देवया. ती शिकली की मंग तुज्या एकटीच्या. मी काय जल्माला पुरनार हाय तिला?"

मी काहीतरी बोलणार होते. आयुष्यात पहिल्यांदा तोंड वेळेवर मिटलं. त्यांनी माझी बोटं एकमेकांवर चोळली, सावकाश, आधी अंगठा, मग मधलं बोट, आणि दोनदा झटकली. मांजरीनं आमच्या दोघींच्या हातांकडे बघितलं आणि खायला लागली. सासूबाईंनी हात सोडला नव्हता. त्यांची बोटं थंड होती, हलकी होती आणि त्यांना कशाचाच वास नव्हता.